सतरा नंबरची तार

ग्लासगोत, केल्विनब्रिजच्या उतारावर, एका तळघरात
आमचा फ्रीज छताला उलटा टांगलेला आहे.
सोनेरी ताटं, एकाखाली एक,
खाली जावं तसा गारठा वाढतो.
तळच्या ताटाला चिकटलेली चिप
पोस्टाच्या तिकिटाहून लहान.
तिथे दहा मिलिकेल्विन.
गारवा, कडाका, हुडहुडी, हीव,
माझे सगळे शब्द वरच्या दोन ताटांतच संपतात.

जानेवारीत सतरा नंबरची तार बोलेनाशी झाली.
फ्रीज गरम करायला दोन दिवस, पुन्हा थंड करायला तीन.
मधल्या दुपारी डुगल मॅक्इनिसनं
डोळ्याला भिंग लावलं, श्वास धरला,
आणि फुटक्या घागरीला देतात तसा
केसाएवढ्या तारेला डाग दिला.
मग काहीतरी पुटपुटला.
त्याचं निम्मं इंग्रजी मला
अकरा वर्षांनीही अंदाजानंच कळतं.

त्याआधी ड्युरम, अठरा महिने. ब्रिस्टल, दोन वर्षं.
प्रत्येक घरात पडदे आधीच्या भाडेकरूचे.
मग इथे, तीन-तीन वर्षांच्या तुकड्यांनी,
शेवटी दारावर पाटी लागली: डॉ. केळुसकर.
एवढ्यात काय केलंस, असं कुणी विचारलं तर
खरं उत्तर एका ओळीचं आहे:
ऐंशीचे एकशे वीस केले.
मायक्रोसेकंद.
तेवढा वेळ ती अवस्था टिकते,
मग जगाचा धक्का लागतो.

आमच्या पेपरवर नावं बारा.
शेवटचं माझं, आमच्यात शेवटी असणं हा मान.
या वेळी मी डुगलचं नाव मधे घातलं.
तो चिडला. काढ म्हणाला.
"उद्या चुकलं तर मला विचारतील,
आणि मला फक्त तारा माहीत आहेत."
मी काढलं नाही.
चार दिवस चहाला आला नाही.

मार्चमध्ये तो निवृत्त झाला. केक होता, भाषण नव्हतं.

काल पुन्हा फ्रीज उघडला, एकटीनं.
सतरा नंबरवर कागदी चिठ्ठी, पेन्सिलीनं, रोमन लिपीत:
हालू.
झाकण उतरवताना मी ओरडायचे, हळू, हळू.
ळ त्याला कधी जमला नाही.

मी चिठ्ठी काढली नाही.
थंडीत कागद काय करतो, ठाऊक नाही,
नियमात बसत नाही, विद्यार्थ्यांना रागावले असते.
झाकण लावलं, पंप चालू केला.
गुरुवारपर्यंत कळेल.