चार बोटं

निझव्याच्या किल्ल्यामागं, खल्फानच्या दुकानात
ती आली घोंगडीत गुंडाळून, आजाऱ्यासारखी.
ठासणीची. दस्त्यावर चांदीची तार.
म्हातारा म्हणाला, रिकामी आहे,
आजोबा गेले तेव्हापासून भिंतीवरच.

रिकामी हे मी कुणाच्या सांगण्यावरून मानत नाही.
गज आत सोडला, तोंडापाशी अंगठा धरला,
मग तोच गज नळीला बाहेरून लावला.
चार बोटं कमी.

"आत दारू आहे," मी म्हणालो.
खल्फानला एवढा शब्द कळतो;
त्यानं आधी दार लोटून घेतलं.

तोंड वाळूच्या पोत्याकडं, मी बाजूला.
पाणी पाजलं, रात्रभर भिजू दिली.
चुलता डुकरांवरून परतला की अशीच उतरवायचा,
आम्हा पोरांना विहिरीकडं पिटाळून.
उजव्या हाताला त्याच्या तीनच बोटं.
उरलेली दोन एका दिवसाच्या घाईत गेली.

सकाळी गजाला मळसूत्र जोडलं,
फिरवत फिरवत शिसं धरलं,
दात काढावा तसं ओढलं.
गोळी आली. निळी चिंधी आली.
मागून काळा चिखल, गंधकाचा वास.

म्हाताऱ्यानं गोळी तळहातावर घेतली.
"वादीपलीकडच्या लोकांशी तेव्हा आमचं..."
पुढं बोलला नाही.
बराच वेळानं म्हणाला, "माझी सून तिकडचीच."

किंमत त्यानं विचारली नाही.
मी गज पुन्हा सोडला.
या वेळी तळाशी लोखंडाला लोखंड वाजलं.