तीन तेरा

मे महिना, दुपारचे साडेतीन.
धुळीत कुठंतरी लातूरची धावपट्टी.
मी एकटी, नांदेडहून परत येताना.
रेडिओवर आवाज आला : दाब एक हजार तीन.
मी तीनच ऐकलं.
नियमाप्रमाणे तीनच परत म्हटलं.
आणि बोटांनी बटण फिरवून ठेवलं
तेरावर.

का, याला चौकशीच्या कागदावर
एक ओळ जागा असते.
तेरा पाठ होतं. परीक्षेतलं, पुस्तकातलं,
साऱ्या जगाच्या सरासरीचं तेरा.
डोळे काचेकडं गेले खरे,
पण त्यांना बघायचं नव्हतं,
नुसती मान डोलवायची होती.

दहा मिलिबार म्हणजे तीनशे फूट.
काटा म्हणत राहिला, आहे, अजून उंची आहे.
आणि काटा खोटं बोलत नव्हता.
मी ज्या हवेबद्दल विचारलं
त्या हवेबद्दल तो खरंच सांगत होता.
ती हवा तिथं नव्हती, एवढंच.

आमचे अण्णा औशात विजेची मीटरं वाचायचे.
जुनी, पाच तबकड्यांची.
एकीचा काटा उजवीकडं फिरायचा, शेजारणीचा डावीकडं,
एकमेकींशी बोलणं सोडलेल्या जावांसारखा.
मला सायकलच्या दांडीवर बसवून सांगायचे,
"काटा दोन आकड्यांच्या मधी असला
तर ल्हान आकडा लिहायचा, बाई.
मोठा लिहिला की कुणाच्या तरी घरात भांडण."

एकदा त्यांनीच उलटी तबकडी सुलटी वाचली.
गफूर शेखांची गिरणी. तिनाचे सात झाले.
चार हजार युनिट
गिरणीनं न दळताच खाल्ले.
अण्णांची वेतनवाढ वर्षभर थांबली.
तरी दळण त्याच गिरणीत न्यायचे,
डबा खांद्यावर,
आणि नंबर आला तरी
मागच्याला पुढं जाऊ द्यायचे.

मला काट्यानं नाही, शेळ्यांनी सांगितलं.
नांगरून टाकलेल्या काळ्या रानात
तीसचाळीस असतील. एकदम पांगल्या.
मी जिथं आहे असं मला वाटत होतं
तिथल्या विमानासाठी
शेळी तोंडातला पाला सोडत नाही.

मग सावली दिसली. माझीच.
एवढी मोठी, की तिला चाकं होती.
मग एक पोरगा, डोक्याला टॉवेल,
काठी उगारलेली.
शेळ्यांवर नाही. माझ्यावर.

हात थ्रॉटलवर गेला
तो मला न विचारता.

उतरल्यावर कॅप्टन शुत्तारी आत वाकले.
"किती ऐकलं?"
तीन, सर.
"लावलंय किती?"
मी काचेत बघितलं.
शपथेवर सांगते,
तेव्हाही मला क्षणभर
तीनच दिसलं.

कारणाच्या रकान्यात लिहिलं गेलं :
वैमानिकाची चूक. उपकरण सुस्थितीत.
ते सुस्थितीत मला
शेवटपर्यंत वाचवेना.

रात्री अण्णांना फोन केला.
लागलंय का, घाबरलीस का, काही नाही.
बराच वेळ पंख्याचा आवाज.
मग म्हणाले, "शेळ्या कुणाच्या होत्या?"
माहीत नाही.
"एखादी गाभण असंल.
जाऊन बघून ये."

रविवारी स्कूटी घेऊन गेले.
वरून जे एकच रान होतं
ते खालून चौदा बांधांचं निघालं.
टॉवेलवाला पोरगा कुणाला माहीत नव्हता,
किंवा सगळ्यांनाच माहीत होता
आणि कुणी सांगत नव्हतं.
विहिरीवर एक म्हातारा मोटारीचा पाइप जोडत होता.
म्हणाला, "इमान तर रोजच येतंय इकडनं.
तुझं कंचं?"

मी वर बोट केलं.
बोट थोडं खाली आणलं.
परत थोडं वर.