हातचा एक

टॉर्च आडवी धरा, ताई. समोरून नको.
समोरून नुसतं जेवण दिसतं,
तेरा माणसं, लांब टेबल, पाव.
आडव्या उजेडात भिंतीचे सांधे वर येतात
गोधडीच्या टाक्यांसारखे.
या सांध्यापासून त्या सांध्यापर्यंत
बाल्दिरी फ्लाकेरचा एक दिवस.
जेवढं ओलं तेवढंच रंगवायचं.
वाळलेला चुना रंग आत घेत नाही,
कडी लावून बसतो.

माझा बाप फुर्तिया त्याचा गवंडी.
पहाटे विचारायचा, "आज किती?"
बाल्दिरी हवेत रेघ ओढायचा:
खांद्यापर्यंत. किंवा, नुसती सुरई.
चुना लढाईच्या आधी भिजवलेला,
पाच वर्षं खड्ड्यात मुरला,
कुणी चोरला नाही
कारण चुना खाता येत नाही.
आणि काळा रंग विकत आणलाच नाही त्यानं.
छत्तीस साली जळलेल्या बाकांचा कोळसा
चर्चच्या मागे पडून होता.

मी बारा वर्षांची. माझं काम
दारांवर ओल्या चादरी टांगायचं;
उत्तरेकडून त्रामुंताना सुटला
की दिवस दुपारीच वाळून जायचा.
परांचीवर तो आमच्या भाषेत बोलायचा,
शिडी उतरला की त्यांच्या.
मधल्या पायऱ्यांवर गप्प.

नऊ महिने तुरुंगात होता, पोस्टरांपायी.
मोसेन गुमेर्सिंदनी जामीन देऊन सोडवला,
दयेनं म्हणतात. माझी आई म्हणायची, स्वस्तात.
त्याआधी बार्सिलोनात सिनेमाघरांच्या छतांवर
ढग काढायचा. ढगांना कुणी काही विचारत नाही,
असं म्हणून हसायचा, आणि
पावावर टोमॅटो चोळत राहायचा, तो फाटेपर्यंत.

हं, इथं थांबा. खाली. टेबलाच्या कडेला.
हा सगळ्यात लहान दिवस.

आदल्या संध्याकाळी शेवटची यादी आली होती.
माझा भाऊ कीर्झे, एब्रो नदीवर गेलेला,
जिवंतांत नाही, कैद्यांत नाही,
मेलेल्यांतही नाही.
सकाळी बापानं विचारलं, "आज किती?"
तो कामावर आला याचंच सगळ्यांना नवल.
बाल्दिरीनं नुसता तळहात दाखवला.
एवढंच.
बापानं एवढाच गिलावा केला.
एकदा पुरे होती तिथं
थापी किती वेळा फिरवली, मी मोजलं नाही.

संध्याकाळपर्यंत एक हात.
उजवा. करंगळी अर्धी,
बुचं कापायच्या सुरीनं गेलेली.
पावाकडे जाणारा,
अजून पोचलेला नाही.

गावात कुणी बोललं नाही.
भिंतीला कान असतात ते दिवस होते,
आमच्या भिंतीला हात होता.

मग बिशपचे चिटणीस आले, चष्मा पुसत.
बाल्दिरीनं कुणाचाही हात टेबलाखाली ठेवला नव्हता,
त्यामुळे मोजणं सोपं.
"तेरा माणसांना सत्तावीस?"
तो शिडी उतरला. त्यांच्या भाषेत म्हणाला,
"तेरा दुणे सव्वीस, साहेब. हातचा एक."
मोसेन खोकले.
म्हणाले, अँचोवी गार होतायत.
खरं तर अँचोवी गारच असतात.
पण चिटणीस भुकेले होते.

पुढे त्यानं बँकेत कापणीची चित्रं काढली,
एका हॉटेलात डॉल्फिन.
चाळीस वर्षं परांच्यांवर चढउतार,
आणि मेला पोस्टाच्या तीन पायऱ्यांवरून पडून,
हातात वीजबिल.

तुमच्या अहवालात काय लिहाल?
दिवस एकेचाळिसावा, आकार एक वीत?
लिहा. खोटं नाही.
कापूस मात्र तिथं हलका फिरवा.
आई दर रविवारी याच बाजूला बसायची,
प्रार्थनेत तिचे ओठ हलायचे नाहीत.

आता टॉर्च समोरून धरा.
गेले ना सांधे?
बघा, सगळे एकाच दिवशी
जेवायला बसलेत.