पान सत्तेचाळीस, चित्र दुसरं

मुलांच्या समुद्रकोशाचं मुद्रितशोधन,
पानामागे बावीस रुपये.
प्रभादेवीत तिसऱ्या मजल्यावर पंखा कागद उडवतो,
म्हणून तराजूचं एक जुनं वजन ठेवलंय
देवमाशाच्या शेपटीवर.

चित्र दुसरं: काळापांढरा,
पाठीवर सुऱ्यासारखा उभा पर.
खाली छापलंय, खुनी देवमासा.

शाळेत समास सोडवायचे तशी
सोडवत बसले.
खुनी असा देवमासा: कर्मधारय.
पण स्पेनकडचे जुने दर्यावर्दी म्हणे म्हणायचे
देवमाशांचा खुनी. षष्ठी तत्पुरुष.
दुसऱ्या भाषेत चढताना
दोन शब्दांनी जागा बदलल्या,
एक विभक्ती पाण्यात पडली.
तेवढंच झालं.
तेव्हापासून हा स्वतःच देव, स्वतःच मारेकरी,
आणि खरं तर डॉल्फिनच्या घरातला,
म्हणजे मासाही नाही.

लॅटिन नाव उघडलं, तर आत यमलोक.
शेजारच्या नोंदीत आणखी एक अर्थ:
रांजण. पोट सुटलेला.
मला रांजण बरा वाटला.

शनिवारी खारदांड्याला बोंबील आणायला गेले,
पान पिशवीत.
पोशीबाय केणीनं ते ओल्या बोटांनी धरलं.
"खुनी? कोनाचा खून केला यानं?"
देवमाशांचा, म्हटलं. खातो तो त्यांना.
"मग मी सकालपासून काय करतंय?"
हलव्याच्या मानेवर सुरी तशीच होती.

मग सुरी खाली ठेवून,
"माज्या बापानं बगितलेले. एकदाच.
लय लांब, पाच जणं.
त्यानं इंजिन बंद केलं.
घरी येऊन आयेला बोलला,
पाव्हणे गेले बाजूनं.
नाव नाय घेतलं.
आमी बी इचारलं नाय."
आणि लगेच दुसऱ्या गिऱ्हाइकाला
बर्फ नाही म्हणून शिव्या.

घरी पान दोरीवर वाळत घातलं.
चिमट्यापाशी एक खवला चिकटून राहिला,
'खुनी'च्या वेलांटीवर,
निघेना. लाल शाई त्याच्यावरून घसरली.

सोमवारी सामंतांचा फोन.
"सत्तेचाळीसवर शब्द काय ठेवायचा, बाई?
चित्राखाली दीड इंच जागा आहे.
छापखाना खोळंबलाय."

म्हटलं, थांबा थोडं.
इंजिन बंद केलंय.