पुतळा धुताना

मार्च संपत आला की ओउलूत बर्फ काळं पडतं
आणि नगरपालिका मला शिडी देते.
डॉक्टर वुओरेनमा, तुमच्या टकलावर
सीगल वर्षभर जे करतात ते खरवडायचं काम माझं.
कानामागे ब्रश जात नाही,
तिथे बोटच घालावं लागतं.

चौथऱ्यावर कोरलंय: घटसर्पाचा कर्दनकाळ.
खोटं नाही ते.
तुमचीच लस माझ्या दंडात गेली,
लेकाच्याही. आता तो दारातून वाकून येतो.

नदीपलीकडच्या अनाथालयाची वही
परवा संग्रहालयाने काचेखाली मांडली.
अक्षर सुरेख तुमचं.
एकतीस. मुलगी. वय सहा.
डोस दुप्पट. ताप. ताप.
मग रकान्यात नुसती रेघ,
पट्टी लावून ओढलेली.

एकतीस म्हणजे हेल्मी, आईची थोरली बहीण.
आई शेवटपर्यंत
एक बटाटा जास्तीचा उकडायची
आणि कुणी खाल्ला नाही म्हणून
आमच्यावरच चिडायची.

काल विद्यार्थी आले, लाल रंगाचा डबा घेऊन.
म्हणाले, आजी, जरा बाजूला होता का?
झाले.
संध्याकाळी टर्पेंटाइन आणि चिंध्या घेऊन
पुन्हा मीच शिडीवर. पगार त्याचाच आहे.

कोट निघाला, कॉलर निघाली,
मिशांना तासभर लागला.
सिरिंज धरलेल्या बोटांमधला रंग
तेवढा राहिलाय.
उजेड गेला होता,
असं फॉर्मवर लिहून दिलंय मी.
इथे मार्चअखेरीस आठपर्यंत लख्ख दिसतं,
हे ऑफिसातल्या सगळ्यांना माहीत आहे.