निचरा

सत्कार होता हळदीच्या वाणाचा,
म्हणजे वाण काढणाऱ्या तांबवेकर सरांचा.
सांगलीच्या मार्केट यार्डातला हॉल, शाल, फेटा,
पुढच्या रांगेत अडते, मागे तोलार उभे,
आणि मी कडेला ट्रे धरून.
ट्रेमध्ये सात नंबरचे गड्डे, सकाळीच धुतलेले.

कंदकुजीवर ते फार सुंदर बोलले.
मग कुणीतरी राखीव जागांचं विचारलं
आणि ते हसले.
माझी चुकलेली बेरीज दाखवताना हसायचे, तेच हसू.
म्हणाले, "काही जमातींच्या रक्तातच अभ्यास नाही.
बियाणंच हलकं, तर खत घालून काय होणार?"

टाळ्या झाल्या. हे लिहिलंच पाहिजे.
टाळ्या झाल्या, काही अर्ध्यात थांबल्या,
एका तोलाराने खांद्यावरचा टॉवेल झटकला
आणि तो बाहेर गेला.
माझ्या हातातला ट्रे हलला नाही.
एकवीस वर्षं वजनं घेतलेले हात आहेत.

दुसऱ्या दिवसापासून पेवच फुटलं.
हरिपूरची पेवं पुरात बुजली, हे निराळं.
निवेदनं, काळ्या फिती, केंद्राच्या फाटकाला कुलूप.
प्रयोगशाळेवरचं नाव पुसलं, पण घाईत:
ऊन तिरपं झालं की 'वेकर' अजून दिसतं.
पुण्याच्या समितीने पत्र धाडलं, दोन ओळींचं.
कुणी म्हणालं, एवढा मोठा माणूस, एका वाक्यासाठी?
कुणी म्हणालं, वाक्य कसलं,
झाकण होतं ते, सरकलं.
एक पत्रकार मला म्हणाला, तुम्ही त्याच समाजाच्या ना?
म्हटलं, मी सात नंबरच्या प्लॉटवरची.

आई वडार गल्लीत दारोदार पाटे टाकवायची.
तिने एवढंच विचारलं, "तुला खुर्ची दिलती ना त्यांनी?"
दिली होती.
डबाही एकाच टेबलावर खाल्ला.
माझ्या लग्नाला आले, पाणी प्याले,
जाताना धाकट्या भावाला पेन देऊन गेले.
त्यांना वाटत असणार, रेणुका वेगळी.
ही वेगळी.
एवढे दोनच शब्द आता घशाखाली उतरत नाहीत.

रात्री जुनी वही काढली, पिवळी बोटं उमटलेली.
एकाच जेठ्या गड्ड्याचे दोन तुकडे,
एक वरच्या वाफ्यात, एक ओढ्याकडच्या चोपणात.
वरचा भरला. खालचा कुजला.
आकडे माझे. त्यांच्या खाली, हिरव्या शाईत, सर:
"फरक वाणाचा नाही, निचऱ्याचा आहे.
कंदाला दोष देऊ नये."
दोनदा अधोरेखित.

आणि हळदीला बियाणं नसतंच, सर.
पहिल्याच दिवशी तुम्ही सांगितलं होतं.
ती मोडून लावतात. मोडलेल्यातून फुटते.

अक्षय्य तृतीयेच्या आधी वाळव्याचे शेतकरी आले,
"सात नंबर द्या," म्हणाले.
पूर्वी म्हणायचे, "तांबवेकर द्या."
पोती उचलताना कुणी काही बोललं नाही,
हळद आहे, उद्या लावायची आहे,
तिच्यावर कुणाचा राग नव्हता.

परवा फोन आला. आवाज वाळल्या पाल्यासारखा.
"तू तरी सांग त्यांना, मी तसा नाही."
माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, खोटं का बोलू.
म्हटलं, सर, वही माझ्याकडे आहे. चोपणाचं पान.
बराच वेळ पलीकडे नुसता पंखा.
मग त्यांनी विचारलं, "कुठलं साल?"

साल सांगितलं. वाफ्याचा नंबर सांगितला.
मग त्यांचंच वाक्य त्यांना वाचून दाखवलं,
सावकाश, ते मला मजकूर सांगायचे तसं,
स्वल्पविराम, पूर्णविरामासकट.