अकरा पावलं

कॉलेजनं दिलेल्या यादीत सतरा वस्तू होत्या.
आयझिरेकनं ती फ्रिजवर चिकटवली
आणि त्या दिवसापासून घरातल्या वस्तू
एकेक करून तिच्या पिशवीकडे निघाल्या.

आईचा थर्मास गेला.
बाबांची बॅटरी गेली, टायरच्या दुकानातली,
ग्रीसच्या बोटांसकट.
सातव्या क्रमांकावर होतं: पाण्याला दाद न देणारे बूट.
तसे घरात एकच होते, माझे.
"नऊच दिवस," ती म्हणाली,
दोन मोजे चढवून अंगणात धप धप चालली.
मी खिडकीतून पाहत राहिलो
माझेच पाय मला सोडून चाललेले.

यादीत नसलेलं आई भरत होती.
कुरुताच्या गोळ्या, खारट, दातांची परीक्षा पाहणाऱ्या,
एका जुन्या मोज्यात
(धुतलेला आहे, हे तिनं दोनदा सांगितलं).
बोरसोक इतके तळले
की शेजारचा सागिन विचारून गेला,
लग्नबिग्न ठरलं का पोरीचं?
"हिमनदी मोजायला चाललीय," आई म्हणाली,
जसं कुणी म्हणावं, पीठ आणायला चाललीय.

बाबा काहीच बोलत नव्हते.
बाबा तसेही बोलत नाहीत,
हवा भरतात, पैसे घेतात.
बाराव्या क्रमांकाशी आले तेव्हा मात्र हसले.
मोजपट्टी, पन्नास मीटर.
"पुरायची नाही."

तेव्हा कळलं, ती दरी बाबांच्या ओळखीची होती.
मिसरूड फुटायच्या वयात तीन उन्हाळे
मेंढ्या घेऊन ते तिथे राहिलेले.
तंबूएवढा एक तांबडा दगड, त्याला आरपार भोक,
त्यातून दोर ओवून घोडी बांधायची
आणि मांस पुरायला बर्फाकडे जायचं.
"किती लांब होता बर्फ?"
"अकरा पावलं."
"नक्की?"
"रोज मोजायचो. दुसरं होतं काय तिथे करायला."

आयझिरेकनं वही उघडली,
पेन तसंच धरून विचारलं,
"कुणाची पावलं? किती लांबीची?"
दामिरा मॅडम असंच विचारतात म्हणे.

मग अंगणात पट्टी अंथरली.
बाबा सपाता घालून चालले, चौथ्या पावलाला थांबले.
"तेव्हा गुडघा धड होता," म्हणाले,
आणि माझ्याकडे बघितलं,
आधी पायांकडे, मग उंचीकडे,
असं याआधी कधी बघितलं नव्हतं.
"याला चालव. मी एवढाच होतो."

मी चाललो. अनवाणी, कारण बूट पिशवीत.
"हळू. उताराची जमीन आहे. खांद्यावर मेंढी आहे."
मी खांदा वाकवला.
सागिन कुंपणावर हनुवटी टेकून बघत होता,
मोठ्यानं आकडे मोजत होता, एकदा चुकला.
अकरा पावलं: आठ मीटर चाळीस.
तिनं लिहून घेतलं,
खाली साक्षीदाराचं नाव, जोलदोश, वय, धंदा,
आणि कंसात माझं.

"दगड सापडेल तुला," बाबा म्हणाले.
"बर्फ कुठे आहे, ते येऊन मला सांग."

पहाटे नारीन नदीवर धुकं होतं, बस खाली उभी.
आईनं रोटी पुढे केली.
सैन्यात जाणाऱ्या मुलांसाठी करतात ते:
एक घास चावायचा, उरलेली भिंतीला टांगायची,
परत आलं की संपवायची.
"आई, नऊच दिवस!"
तरी तिनं चावली. चांगला मोठा घास.

बस गेल्यावर अंगणात पाहिलं तर
बारावी वस्तू तिथेच पसरलेली, दवानं ओली.
मी फोन केला. ती म्हणाली,
असू दे, मॅडमकडे मोठी आहे.

बाबा उकिडवे बसले.
फडक्यानं पुसत पुसत
पट्टी गुंडाळत आले पन्नासापासून,
चाळीस, तीस, वीस,
आणि साडेआठच्या आसपास
उगाच बराच वेळ पुसत राहिले.